कॉफीचा धूर आणि नगराचा नकाशा

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी मिस्सानंतर आमच्या धर्मग्रामातील एक तरुण जोडपे मला भेटावयास आले. त्याने खिशातून घडी घातलेला एक कागद काढला आणि माझ्यापुढे ठेवला. "फादर, एकदा वाचून पाहा," एवढेच तो म्हणाला. ती काही बोलली नाही.

मुळशी तालुक्यातील कासारसाईच्या शिवारात, एका स्नेह्याकडून भाड्याने घेतलेल्या दोन गुंठे जागेत या दोघांनी कॉफीचे छोटेसे दुकान थाटले होते. वर पत्र्याचे छप्पर, चार बाकडी आणि कोपऱ्यात बी भाजण्याचे एक लहान यंत्र. ती चिकमगळूरकडची, कॉफीच्या मळ्यांच्या मुलखात वाढलेली. माहेरच्या ओळखीने कच्चे बी आणायचे, इथेच भाजायचे, दळायचे आणि धरणाकडे येणाऱ्या सहलकऱ्यांना व हिंजवडीच्या कचेऱ्यांतून परतणाऱ्या तरुणांना ताजी कॉफी करून द्यायची, असा साधा बेत. त्यासाठी त्याची भविष्यनिर्वाह निधीची रक्कम खर्ची पडली होती आणि तिच्या दोन बांगड्या गेल्या होत्या.

कागद म्हणजे नोटीस होती. तिच्यात आरोप दोन. जागा शेती विभागात मोडत असताना परवानगीवाचून तिचा वापर बदलला, हा पहिला. दुसरा आरोप शेजाऱ्यांच्या तक्रारीवरून आलेला: भाजणीच्या धुरामुळे व वासामुळे उपद्रव होतो.

दुसरा आरोप वाचताना मला हसू आवरले नाही आणि ते दोघेही दुखावले गेले. मग मला माझ्या हसण्याचा खुलासा करावा लागला. तो खुलासा करता करता जे सांगितले, तेच थोडे विस्ताराने या लेखात मांडतो आहे. वाचकांनी ते एका धर्मगुरूचे इतिहासवेड समजून गोड मानून घ्यावे.

१६५७ सालच्या डिसेंबर महिन्यात लंडन नगरातील फ्लीट स्ट्रीट या रस्त्यावरील जेम्स फार नावाच्या माणसावर त्याच्या प्रभागाच्या चौकशी मंडळापुढे तक्रार गुदरण्यात आली. फार हा मूळचा न्हावी. त्याने 'रेनबो' नावाचे कॉफीगृह काढले होते. तक्रार अशी की, कॉफी नावाचे पेय तयार करताना तो घाण वासाने शेजाऱ्यांना हैराण करतो, आणि रात्रंदिवस विस्तव ठेवत असल्यामुळे त्याच्या धुराड्याने व खोलीने एकदा पेटही घेतली आहे. तीन शतकांहून अधिक काळ लोटला, नगर बदलले, भाषा बदलली. पण कासारसाईच्या नोटिशीतील दुसरे कलम जवळजवळ शब्दशः तेच! फारच्या दुकानाला मात्र टाळे लागले नाही. विस्तवाची भीती खरी होती, कारण लाकडी घरांच्या त्या नगरात आग म्हणजे काय हे पुढे १६६६ मध्ये साऱ्यांनाच कळले. परंतु तक्रार ऐकून घेणारे लोक त्याच गल्लीतले होते. त्यांनी धूर पाहिला होता आणि बहुधा कॉफीही चाखली असावी.

फारच्याही आधीची एक हकीकत आहे. ती मला अधिक मोलाची वाटते. लंडनमधले पहिले कॉफीगृह १६५२ च्या सुमारास पास्क्वा रोझे नावाच्या परदेशी माणसाने काढले. डॅनियल एडवर्ड्स या व्यापाऱ्याचा तो नोकर. स्मर्ना बंदराशी व्यापार करणाऱ्या या धन्याला तिकडे कॉफीची सवय लागली होती, आणि ती करून देण्यासाठी रोझे त्याच्यासोबत आला होता. त्याचा पहिला मांडव कॉर्नहिल भागात, संत मायकलच्या चर्चच्या आवारात उभा राहिला. धंदा चालू लागताच आसपासचे मद्यविक्रेते अस्वस्थ झाले. त्यांनी थेट महापौरांकडे धाव घेतली. कॉफी वाईट आहे, असे त्यांचे म्हणणे नव्हते. रोझे हा या नगराचा सनदी नागरिक नाही, म्हणून त्याला येथे किरकोळ विक्री करण्याचा हक्क नाही, असा त्यांचा दावा होता. आणि नियम पाहता तो दावा खरा होता. मग तोड काय निघाली? धन्याच्या सासऱ्याचा गाडीवान क्रिस्टोफर बोमन याला नगराचे नागरिकत्व मिळवून देण्यात आले आणि तो रोझेचा भागीदार झाला. नियम राहिला आणि दुकानही राहिले.

या कथेत मला दोन गोष्टी दिसतात. नियमाच्या आडून प्रतिस्पर्धी आपला डाव साधतो ही एक. आणि नियम लागू करणाऱ्यापर्यंत लहान माणसाला पोहोचता आले तर काही ना काही वाट निघते ही दुसरी. रोझेला ती वाट मिळाली, कारण त्याचा धनी वजनदार होता. ज्याच्यामागे असा धनी नाही त्याने काय करावे, हा प्रश्न त्या वेळीही होताच.

कॉफीवरची पहिली बालंटे निराळ्याच प्रकारची होती. येमेनमधील सूफी साधक पंधराव्या शतकात रात्रीच्या जपाला जाग यावी म्हणून हे पेय घेत. ते मक्केत पोहोचले तेव्हा १५११ मध्ये तेथील अधिकारी खैर बेग याने त्यावर बंदी घातली. कैरोच्या सुलतानाने ती पुढे सैल केली. तुर्कस्तानच्या चौथ्या मुरादने १६३३ मध्ये कॉफीगृहेच बंद करविली. आपल्याकडची कथा तर प्रसिद्धच आहे. सेमिनरीत असताना इतिहासाचे आमचे एक प्राध्यापक ती रंगवून सांगत. हे मुसलमानांचे पेय ख्रिस्ती लोकांना निषिद्ध ठरवावे अशी विनंती काहींनी पोप आठवे क्लेमेंट यांना केली. पोपमहोदयांनी एक घोट घेतला, आणि इतके चविष्ट पेय अख्रिस्ती लोकांकडेच का राहू द्यावे असे म्हणून त्यालाच बाप्तिस्मा देऊन टाकला! कथा गोड आहे, पण तिला त्या काळचा कागदोपत्री आधार नाही. निदान धर्मगुरूंनी तरी ती सांगताना 'म्हणे' हा शब्द गाळू नये.

पेयाची भीती सरल्यावर पेयाभोवती जमणाऱ्या माणसांची भीती सुरू झाली. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याने २९ डिसेंबर १६७५ रोजी फर्मान काढून १० जानेवारीपासून सर्व कॉफीगृहे बंद करण्याची आज्ञा दिली. कारण एकच: तेथे लोक बसून सरकारविषयी बोलतात. नगरात एवढा गहजब झाला की ८ जानेवारीलाच, म्हणजे मुदतीच्या दोन दिवस आधी, राजाला फर्मान मागे घ्यावे लागले. प्रशियाच्या फ्रेडरिक राजाने १७८१ मध्ये वेगळीच युक्ती केली. बी भाजण्याचा हक्क त्याने सरकारकडे राखून ठेवला, आणि चोरून कोण भाजतो याचा वास घेत गल्लोगल्ली फिरण्यासाठी निवृत्त सैनिक नेमले. आमच्या जोडप्याला हा प्रसंग सांगितला तेव्हा प्रथमच ती हसली.

आपल्या देशातही असे घडले आहे. १९३० नंतर कॉफीचे भाव पडले, तेव्हा मळेवाल्यांचा माल देशातच खपावा म्हणून 'इंडिया कॉफी हाऊस' सुरू झाली; पहिले १९३६ मध्ये मुंबईत चर्चगेटला. पन्नाशीच्या दशकात कॉफी बोर्डाने ती बंद करायला घेतली. कामगार रस्त्यावर आले, आणि ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने १९५७ पासून त्यांनी सहकारी संस्था स्थापून तीच दुकाने स्वतः चालविली. दिल्लीतील कॅनॉट प्लेसचे कॉफी हाऊस हा लेखक, पत्रकार व राजकीय कार्यकर्त्यांचा अड्डा होता. आणीबाणीच्या काळात ते जमीनदोस्त करण्यात आले. चार्ल्स राजाला जे साधले नाही ते तेथे साधले.

परंतु कासारसाईच्या दुकानावर असा कोणाचाच राग नाही. तेथे कोणी सरकारविरुद्ध बोलत नाही. बोलतात ते बहुधा घराच्या हप्त्यांविषयी. तेथील हरकत जागेला आहे. आणि ही हरकत इतिहासात बरीच उशिरा आली.

पूर्वी आपल्या गावांत घर आणि दुकान यांची फारकत नव्हती. पुण्याच्या पेठांतून हिंडणाऱ्याला आजही दिसेल, खाली दुकान, वर बिऱ्हाड. गिरगावच्या चाळींत तळमजल्याला वाणी, न्हावी, इराणी, आणि वर माणसांनी गच्च भरलेल्या खोल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत वेगळा विचार रुजला. न्यूयॉर्कने १९१६ मध्ये साऱ्या शहराचे विभाग पाडले. ओहायो राज्यातील युक्लिड नावाच्या खेड्याने राहत्या घरांच्या भागात दुकाने व कारखाने येऊ नयेत असा ठराव केला होता. १९२६ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरविला. नकाशावर रंग भरायचे आणि एका रंगात एकच प्रकारचा वापर चालू द्यायचा, ही पद्धत तेव्हापासून जगभर मान्य झाली.

मुंबईत नगररचनेला चालना दिली ती प्लेगने. १८९६ च्या साथीनंतर १८९८ मध्ये 'सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' स्थापन झाला. कोंदट वस्त्या मोडून रुंद रस्ते काढणे आणि दादर-माटुंग्याकडे नव्या वसाहती वसविणे हे त्याचे काम. पुढे १९१५ चा मुंबई नगररचना कायदा आला. देशातला तो या विषयावरचा पहिला कायदा. याच सुमारास पॅट्रिक गेडिस हा स्कॉटिश विचारवंत हिंदुस्थानात आला. त्याने कितीतरी गावे पायी हिंडून त्यांवर अहवाल लिहिले आणि १९१९ पासून मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र शिकविले. त्याचे सांगणे साधे होते: जुने गाव पाडून सरळ रेषा काढण्याआधी गल्लीत जा, विहीर कुठे, पार कुठे, माणसे कुठे बसतात ते पाहा, आणि मगच लागेल तेवढीच शस्त्रक्रिया करा. इंजिनियर मंडळींना तो फारसा मानवला नाही. मला मात्र आपल्या नगररचनेच्या इतिहासात त्याच्याइतका शहाणा माणूस दुसरा आढळत नाही.

माटुंग्याची गोष्ट या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. ट्रस्टने आखून दिलेल्या त्या वसाहतीत मद्रासकडचे कारकून राहावयास आले आणि त्यांच्यामागून कॉफीही आली. १९४० चे कॅफे मद्रास, १९४२ चे रामा नायक यांचे उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग ही सारी त्या वस्तीच्या गरजेतून उगवली. जायफळ घातलेली दुधाळ कॉफी पिणाऱ्या आम्हा मराठी लोकांना गाळणीच्या कॉफीची खरी ओळख तिथल्या पितळी वाटी-पेल्यातून झाली. आखीव वसाहत असूनही तिच्यात चूल पेटवायला जागा राहिली, म्हणून माटुंगा माटुंगा झाले. इराण्यांचीही तीच कथा. धोबीतलावावरील १९०४ चे कयानी असो की पुण्यात डेक्कनवरचे १९३५ चे गुडलक असो, रस्त्याच्या कोपऱ्यावरची जागा धरून ती उभी राहिली. तिथे चहाच अधिक चालतो हे खरे, पण नावात 'कॅफे' आहे, तेव्हा त्यांना या लेखात घ्यायला हरकत नसावी.

स्वातंत्र्यानंतर १९५४ च्या कायद्याने आणि मग १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाने विकास आराखडा हा नागरी जीवनाचा पाया झाला. पुणे शहराचे आराखडे १९६६ आणि १९८७ मध्ये मंजूर झाले. शहराबाहेरच्या मुलखासाठी १९९७ ची प्रादेशिक योजना आली. कासारसाईसारखी गावे तिच्या कक्षेत आली. मुळशी तालुक्याला जमिनीवर परक्याने ओढलेल्या रेषांचा अनुभव नवा नाही. टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापटांनी लढविलेला सत्याग्रह याच तालुक्यातला. कासारसाईचे धरण त्या मानाने लहान. त्याच्या आसपास ऊस आहे, आणि कासारसाई-दारुंब्रे येथे संत तुकाराम सहकारी साखर कारखाना आहे. शेजारी हिंजवडीला संगणकनगरी वसल्यावर या शिवाराचे दिवस पालटले. २०१५ मध्ये महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आले, २०२१ मध्ये त्याचा प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला, त्यावर हजारो हरकती आल्या, आणि २०२५ मध्ये राज्य शासनाने तो रद्द केला. म्हणजे आमच्या जोडप्याने दुकान मांडले त्या काळात, आपली जागा उद्या कोणत्या रंगात जाणार हे गावात कोणालाच खात्रीने सांगता येत नव्हते.

त्याच्याबरोबर मी एकदा कचेरीत गेलो. कोणत्या, ते सांगत नाही. तेथील कारकून सौजन्याने वागले. शेतमालावर प्रक्रिया करणाऱ्या उद्योगाला शेती विभागात वाव आहे, असे त्यांनी सांगितले. मग पुसले, "पण कॉफी इथे पिकते कुठे?" ऊस इथला, कॉफी परगावची, प्रश्न बिनतोड होता. महाराष्ट्रात कॉफीचा मळा पाहायचा तर पार विदर्भात, चिखलदऱ्याला जावे लागते. कृषी पर्यटनाची वाट पाहिली, तर २०२० च्या धोरणाप्रमाणे तिला किमान एक एकर शेती हवी. यांच्याकडे दोन गुंठे, तेही भाड्याचे. मोठ्या विश्रामधामाला नियमात दार आहे, चार बाकड्यांच्या दुकानाला मात्र फट सापडत नाही. हे कोणी दुष्टपणाने केले आहे असे नव्हे. नियम लिहिणाऱ्यासमोर एवढा लहान माणूस कधी आलाच नाही.

येथवर वाचून कोणी म्हणेल, फादर आता हरित पट्ट्याविरुद्ध बोलू लागले! तसे मला बोलता येणार नाही. १९९० मध्ये सिडकोला वसई-विरारच्या नियोजनाचे अधिकार मिळाले, तेव्हा आपल्याच समाजाच्या वाड्या, बावखले आणि केळीच्या बागा वाचविण्यासाठी हरित वसईचे आंदोलन उभे राहिले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी त्यासाठी काय सोसले हे या अंकाच्या वाचकांना मी सांगावयास नको. आम्ही सेमिनरीतले विद्यार्थी त्या बातम्या उभ्याने वाचत असू. नकाशावरचा हिरवा रंग जपावा म्हणून तेव्हा लोकांनी लाठ्या झेलल्या. आज कासारसाईत तोच हिरवा रंग एका लेकीच्या भाजणीच्या यंत्रावर पसरला आहे, म्हणून तो पुसून टाका असे मी कोणत्या तोंडाने म्हणू? दोन गुंठ्यांना सूट दिली की तिच्या पाठोपाठ दोनशे एकरवाला कसा येतो, हे वसईने पाहिले आहे.

शेजाऱ्यांनाही मी जाऊन भेटलो. तक्रार करणारे गृहस्थ वयस्क शेतकरी निघाले. त्यांच्या घरात दम्याचा आजार. "बाबा, मला दुकानाचं काय बी नाय," ते म्हणाले, "पण सकाळच्या पारी धूर घरात येतो." त्यांचे ऐकून माझ्या पहिल्या हसण्याची मला लाज वाटली. जेम्स फारच्या शेजाऱ्यांनाही कदाचित खरोखरच त्रास होत असेल. इतिहास लिहिणारे आपण कॉफीच्या बाजूचे, म्हणून त्यांची तक्रार आपल्याला गमतीची वाटते. परतल्यावर मी त्या दोघांना म्हणालो, वासाचे कलम आधी मिटवा. दुसऱ्याच दिवशी त्यांनी भाजणी थांबविली आणि पिंपरीत एका ओळखीच्या गाळ्यात तासाच्या भाड्याने ती सुरू केली. त्यामुळे किलोमागचा खर्च वाढला, नफा जवळजवळ गेला. म्हाताऱ्याने मात्र तक्रार मागे घेतो असे स्वहस्ते लिहून दिले.

पहिले कलम तसेच आहे. १९६६ च्या अधिनियमात परवानगीच्या अर्जावर साठ दिवसांत निर्णय कळवावा, न कळविल्यास परवानगी मिळाली असे समजावे, अशी तरतूद आहे. परंतु मागितलेला वापर आराखड्याच्या नियमात बसत असला तरच. आणि बसतो की नाही हाच तर वाद. अर्ज पोहोचल्याची पोच आमच्याजवळ आहे. दरम्यान साध्या नकाराचेही उत्तर आलेले नाही. नकार आला असता तर त्यावर अपील करता आले असते. रोझेला महापौर तरी भेटला होता.

दुकान शनिवार-रविवार उघडे असते. पावसात गिऱ्हाईक कमी. पिंपरीचा गाळाही गेल्या महिन्यात सुटला. भाजणीचे यंत्र सध्या आमच्या चर्चच्या सभागृहामागे, ताडपत्री घालून ठेवले आहे. तेथे ते चालविता येत नाही. मी चौकशी केली. ती जागा आराखड्यात सार्वजनिक-निमसार्वजनिक विभागात मोडते.